नानांचा श्रीखंडाचा डबा

आमच्या सोसायटीत डॉक्टर दोन आहेत, वकील तीन आहेत. पण रात्री साडेनऊला हक्काने हाक मारावी असा माणूस एकच, बी विंगमधले नाना. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यापासून नाना लोकांचे कॉम्प्युटर 'बघतात'. दुरुस्त करतात असं मी म्हणणार नाही, तेही म्हणत नाहीत. फोनवर "येतो, बघतो" एवढंच म्हणतात आणि दहाव्या मिनिटाला दारात हजर. खिशात स्टार स्क्रूड्रायव्हर, काखेत श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा. डब्यात कुठल्याच कॉम्प्युटरला न बसणारे स्क्रू, बटणासारखी ३ व्होल्टची बॅटरी, खोडरबर, रॅमच्या जुन्या पट्ट्या आणि उबंटूची एके काळी परदेशातून फुकट घरपोच आलेली सीडी. ती सीडी आजवर डब्याबाहेर आलेली नाही, पण तिच्याशिवाय नाना घराबाहेर पडत नाहीत.

आल्यावर ते कॉम्प्युटरकडे बघतच नाहीत, घरच्यांकडे बघतात.

"काय केलंत?"

"काही नाही हो नाना."

"काही नाही केलं, असं कधी नसतं."

मग चहा येतो.

माझा डेस्कटॉप २०१३ सालचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ त्याला घरात घेईना, कारण टीपीएम २.० नावाची चिप त्याच्यात नाही. नाना खवळले. "यंत्र ठणठणीत आहे! आधार कार्ड नाही म्हणून रेशन नाकारतात, त्यातला प्रकार. लिनक्स टाकू. अर्ध्या तासाचं काम."

नानांचा अर्धा तास आम्हाला माहीत आहे. तो विंडोज एक्सपीच्या काळातला आहे. २००१ साली आलेलं ते एक्सपी बसवताना पडद्याच्या कडेला '३९ मिनिटं शिल्लक' असं यायचं. "मी घरी जाऊन जेवून यायचो," नाना सांगतात, "आलो तरी ३९च." पुढे साटा डिस्क आल्या, एक्सपीला त्या ओळखू येईनात आणि निळ्या पडद्यावर 7B असा आकडा झळकू लागला. उपाय म्हणजे सुरुवातीलाच, नेमक्या क्षणी एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा. मंगलाष्टकं संपता संपता अक्षता पडाव्यात तशी ती एफ६ पडावी लागे. चुकली की पुन्हा पहिल्या मंगलाष्टकापासून. हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते नातवाचा निकाल सांगतानाही येत नाही.

तर नानांनी पेनड्राइव्ह लावला, लिनक्स मिंट सुरू झालं, पट्टी निम्म्यापुढे सरकली आणि खिडकी उघडली: चूक क्रमांक ५, फाइली उतरवता येत नाहीत. त्याखाली सल्ल्यांची रांगच होती. सीडी पुसा, ड्राइव्हची काच पुसा, हार्ड डिस्क म्हातारी झाली आहे का पाहा, आणि शेवटी, कॉम्प्युटर थंड जागी हलवा.

"थंड जागी म्हणजे?" बायकोने विचारलं. "महाबळेश्वरला?"

नाना हसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला आणि आमचा टेबलफॅन त्याच्या पोटाशी लावला. आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसलो. दुसरी खेप पाव रस्त्यातच आडवी झाली.

मग नानांचे संशयित ओळीने उभे राहिले. अर्थिंग. एसएमपीएस. उंदीर. शेवटी पेनड्राइव्ह. माझी लेक म्हणाली, "आजोबा, डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम जुळवलात?" नानांना हे माहीत होतं, फक्त तिने आधी बोलायला नको होतं. चेकसम म्हणजे ६४ आकड्याअक्षरांची ओळ. कॉम्प्युटर ती एका क्षणात ताडून देतो. नानांना ते पटत नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "सात... बी... बी... शून्य..." लेक कागदावर टिक मारत होती. आमच्याकडे तंबोला चाललाय असं वाटून समोरच्या काकू डोकावून गेल्या. चौसष्टच्या चौसष्ट जुळले.

तिसरी खेप. या वेळी बरंच पुढे जाऊन अडकलं. मी हात टेकले. नानांनी मात्र बोट वर केलं.

"जागा बदलतंय!"

"म्हणजे?"

"दर वेळी एकाच जागी अडकलं असतं तर डिस्क नाहीतर पेनड्राइव्ह. हे दर वेळी नव्या जागी पडतंय. रॅम!"

इथे नानांना मानलं पाहिजे. रॅममधला एखादा कोपरा नासका असला तरी रोजच्या कामात तो खपून जातो. फार तर ब्राउझर मिटतो आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. इन्स्टॉलेशनला मात्र दाबून भरलेली भलीमोठी फाइल रॅममध्ये उलगडावी लागते. तिथे एक बिट जरी शून्याचा एक झाला तरी हिशेब जुळत नाही आणि सगळा डोलारा कोसळतो.

त्याच पेनड्राइव्हवरून नानांनी मेमरी टेस्ट लावली. सव्वाअकराला पडदा लाल ओळींनी भरू लागला आणि नाना असे सुखावून टेकून बसले, की मला त्यांना पांघरूण द्यावंसं वाटलं. कॉम्प्युटर बरा व्हावा ही त्यांची इच्छा नसतेच. त्याला नक्की काय झालंय ते कळावं, एवढंच त्यांचं मागणं.

पट्ट्या दोन, ४-४ जीबीच्या. दोन्ही काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, एकेक लावून पुन्हा टेस्ट. पहिली निर्दोष. दुसरी, घासूनसुद्धा, लालच लाल. साडेबारानंतर एकट्या पहिलीवर लिनक्स कसलीही कुरकुर न करता बसलं. ते सुरू होताच नानांचा त्यातला रस संपला. लेकीने दाखवलेल्या नव्या पडद्याकडे त्यांनी शेजारच्या बारशाला बघावं तसं बघितलं.

"ही दुसरी पट्टी कुणी बसवली होती हो?" त्यांनी ती दिव्यासमोर धरून विचारलं. "अगदीच भिकार माल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी, 'पडूनच आहे, तुम्हाला घ्या' म्हणत ती पट्टी ज्या डब्यातून निघाली होती, तो डबा टेबलावर उघडा होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

नानांनी पट्टी रुमालाने पुसली, डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"असू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."