नदीपलीकडचा परदेशी

कॅनडातील एखादा बुद्धिमान पदवीधर, मायदेशीच्या मोजक्या वैद्यकीय विद्यालयांनी साभार परत पाठविल्यावर, अमेरिकेकडे दृष्टी वळवितो, तेव्हा त्याच्या आशेचे मूल्यमापन करण्यास सिद्ध झालेली आप्तमंडळी प्रथम त्याचे एम्‌कॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण विचारतात. ४७२ ते ५२८ या मर्यादेत पडणारा तो आकडा महत्त्वाचा खराच. परंतु ज्या दारी अर्ज द्यावयाचा ते दार परदेशीयांसाठी उघडते तरी काय, याची चौकशी त्याहून अगत्याची. बहुतेक सरकारी विद्यालये आपापल्या राज्याच्या रहिवाशांना उराशी धरून बसलेली. खासगी संस्थांपैकी काही उदारहृदयी संस्था कॅनेडियन उमेदवारास जवळजवळ स्वकीय मानतात, आणि हे स्वकीयत्व फीच्या रकान्यापाशी येताच संपुष्टात येते, कारण अमेरिकन सरकारचे विद्यार्थिकर्ज त्यास मिळत नाही व काही ठिकाणी तर चारही वर्षांची रक्कम आगाऊ अनामत ठेवण्याचा हुकूम आहे. कॅनडातील विंडसरच्या रहिवाशास अमेरिकेतील डेट्रॉइटच्या इमारती नदीकाठावरून स्पष्ट दिसतात. दप्तरी मात्र तो बहुधा टोकियोच्या उमेदवाराइतकाच दूरचा.

ऑन्टॅरिओत जन्मलेले व १८७२ साली मॅक्‌गिलची पदवी घेतलेले विल्यम ऑस्लर १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख वैद्य झाले आणि अमेरिकन वैद्यकशिक्षणास त्यांनी रुग्णशय्येपाशी आणून उभे केले; आज ते विद्यार्थी म्हणून अर्ज करते, तर कारकुनाने, अत्यंत अदबीने, प्रथम त्यांच्या तीर्थरूपांच्या बँकखात्याचा उतारा मागविला असता.