कॅन्सल मास्तर

जत तालुक्यातला बेंजो पार्टीचा मास्तर ओळखायचा असेल तर त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. इतरांच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे असतात, गॅसची टाकी कधी लावली ते असतं. मास्तरांच्या कालनिर्णयावर गावं असतात. डफळापूर, बिळूर, संख, उमदी, माडग्याळ. त्यांतल्या निम्म्या गावांवर काट मारलेली असते आणि काटेखाली बारीक अक्षरात कारण. ‘पाऊस’. ‘म्हातारी गेली’. ‘डॉल्बी आणला’. ‘पोरगी नको म्हणाली’. एखाद्या चौकटीत नुसतंच ‘पावणं फिरलं’. वर्ष संपलं की लोक कालनिर्णय फळीवरच्या डब्यांखाली अंथरतात. मास्तर ते गुंडाळून माळ्यावर ठेवतात. उद्या कुणी तालुक्याचा सामाजिक इतिहास लिहायला घेतलाच, तर गॅझेटियर उघडण्याआधी त्यानं त्या माळ्यावर चढावं.

हे मास्तर एकटे नाहीत. या दुष्काळी पट्ट्यात मोठं गाव म्हटलं की तिथं एक असतोच, आणि हे सगळे एकमेकांचे मेहुणे नाहीतर वैरी असतात, बहुधा दोन्ही. वय पन्नाशीच्या पुढं. मिशी काळी, कानशिलं पांढरी. तरुणपणी ते टाइपरायटरच्या चाव्या बसवलेला खराखुरा बेंजो वाजवायचे. आता कॅसिओ आलाय, ऑक्टोपॅड आलाय, पण टेम्पोवरच्या पाटीवर ‘बेंजो पार्टी’ हेच शब्द राहिलेत. पार्टीत मास्तर धरून आठ जण. ट्रम्पेटवाला एरवी गवंडीकाम करतो, ऑक्टोपॅडवाला बेदाण्याच्या शेडवर जातो, ढोलवाल्याची मेंढरं आहेत. गायकाला काहीच काम नाही, त्यामुळं सुपारी मोडली की सगळ्यात जास्त दुःख तोच करतो आणि सगळ्यात जास्त वेळ करतो.

मास्तरांना वाजलेल्या सुपाऱ्या फारशा आठवत नाहीत. विचारलंत तर म्हणतात, “झाली असंल की. लोकं नाचली, पैसं दिलं, आलू.” पण न वाजलेल्या सुपारीबद्दल विचारा. मांडव कुठल्या तोंडाचा होता, जेवणात काय होतं (म्हणजे काय असणार होतं), टेम्पो कुठल्या फाट्यावरून माघारी फिरला, सगळं सुरुवातीच्या ठेक्यापासून ऐकायला मिळतं.

तमाशाच्या फडांचं निदान बरं असतं. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या तारखा धरतात, कागद होतो. मास्तरांचा करार फोनवर होतो. तिकडून आवाज येतो, “मास्तर, तारीख धरा, मोडू नका बरं का.” हे वाक्य नेहमी समोरचाच म्हणतो, ही त्यातली गंमत. इसार म्हणून पाचशे एक येतात. नियमानं इसार परत द्यायचा नसतो. पण सुपारी मोडणारा निघतो बहिणीच्या दिराच्या गावचा. मग मास्तर पाचशे एक परत देतात, वर चहाही पाजतात आणि पावणं निघताना, “पुढच्या लग्नाला सांगतोच की तुमाला,” असं आश्वासन घेतात. त्या घरातलं पुढचं लग्न बारा वर्षांनी असतं.

सुपारी मोडायची सगळ्यात मोठी भीती भावकीतल्या म्हाताऱ्यांची. लग्नाची तारीख धरली की मास्तर नवरा-नवरीची नावं विचारत नाहीत. घरात थकलं-भागलं कोण आहे ते विचारतात. नव्वदीच्या पुढचे आजोबा आहेत म्हटल्यावर त्यांचा जीव खालीवर होतो. वैशाख जवळ आला की ते स्वतः मोटारसायकल काढून त्या गावी जातात, आजोबांच्या बाजेवर बसतात, पाय चेपल्यासारखं करतात आणि हळूच विचारतात, “जेवन जातंय न्हवं?” एकदा तर कुणाच्या तरी आजीला मास्तरांनी सांगलीच्या डॉक्टरकडं नेलं होतं, स्वतःच्या टेम्पोतून. गावात त्यांचं नाव निघालं की बायका म्हणतात, “बँडवाला हाय, पर माणुसकीचा.” मास्तरांच्या माणुसकीची तारीख आणि लग्नाची तिथी एकच असते, हे त्या माउल्यांना ठाऊक नसतं. बरं, एवढं करूनही भावकी म्हणजे काय एका घराची असते? आजोबा ठणठणीत राहतात आणि चौथ्या गल्लीतला, कधी ऐकिवातही नसलेला चुलता हळदीच्या दिवशी जातो. सुतक लागतं. मग चार माणसांत अक्षता उरकायच्या म्हणतात, आणि त्या चार माणसांत बेंजो नसतो.

वळवाचा पाऊस हा दुसरा शत्रू. पण इथं मास्तरांची खरी कोंडी होते. दुसऱ्या कुठल्या तालुक्यातला मास्तर पावसाला मोकळेपणानं शिव्या देईल. जतमध्ये ती सोय नाही. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून तालुक्याच्या काही भागात आलं, आणि पूर्वेकडची गावं वर्षानुवर्षं त्याची वाट बघत बसली. अशा गावात परण्या निघायच्या वेळेला आभाळ भरून येतं, मांडव उडतो, ऑक्टोपॅडवर फ्लेक्सचा कागद टाकून आठ माणसं टेम्पोखाली बसतात आणि सगळं गाव मात्र रस्त्यावर येऊन भिजत उभं राहतं. नवरदेवसुद्धा. मास्तरांच्या ओठांवर शिवी आलेली असते. शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणतो, “मास्तर, पायगुण बगा तुमचा!” आता यावर काय बोलणार? मास्तर हात जोडतात. वाजवलं नाही म्हणून पैसे मिळत नाहीत. पाऊस पाडल्याबद्दल नारळ मिळतो.

एक पोटभेद मात्र सांगायला हवा. हाच पाऊस बेदाणा शेडवर वाळत असताना आला तर कुणी नाचत नाही. माल काळा पडतो, दर पडतो, आणि सप्टेंबरात सांगलीच्या सौद्यात काय झालं त्यावरून तुळशीच्या लग्नानंतर बेंजो लागणार की घरातल्या पोराचा ब्लूटूथ स्पीकर, ते ठरतं. मास्तर बेदाण्याचे दर व्यापाऱ्यापेक्षा बारकाईनं वाचतात.

निवडणुका तर विचारूच नका. गावच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेल गुलालाची सुपारी एकाच मास्तरांना देतात, आणि दोघंही ‘गुलाल आपलाच’ म्हणून देतात. कागदावर ही जगातली सगळ्यात सुरक्षित सुपारी. कुणीतरी जिंकणारच. २० डिसेंबर २०२२ ला राज्यभर ग्रामपंचायतींचे निकाल लागले, तेव्हा मास्तर सकाळपासून लाल कोट घालून टेम्पोत बसले होते. निकाल लागला. हरलेल्याचा फोन बंद. जिंकलेल्याचा चालू, पण तो म्हणाला, “मास्तर, मिरवणुकीला परवानगी न्हाई. साहेब गाडी घिऊन उभं हाईत. तुमी याच, जेवा आणि जावा.” आठही जण जेवले. येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. गायकानं तेवढा उसासा टाकला.

तो सबंध डिसेंबरच त्यांच्या कालनिर्णयात काळाकुट्ट आहे. आदल्या महिन्यात कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला. दुष्काळात पाण्यासाठी कधीकाळी केलेले ठराव त्यांनी बाहेर काढले. पुण्यामुंबईत चर्चा रंगल्या. जतच्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही, कारण इथं सकाळचा नमस्कार मराठीत होतो आणि भांडण कन्नडमध्ये. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला तिकडून माणसं येतात, इकडच्या पोरी तिकडं दिलेल्या असतात. मास्तरांच्या वहीत एका बाजूनं मराठी गाणी आणि उलटून धरली की कन्नड. मग ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी थांबली, आणि विजापूरकडच्या एका साखरपुड्याला निघालेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं एमएच १० च्या पाटीकडं बघून किल्ली मास्तरांच्या हातात दिली. “तुमीच चालवा.” मास्तरांना टेम्पो येत नाही. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. त्या साखरपुड्याचा इसार मास्तरांकडे अजून आहे. दोन्हींचा निकाल बरोबरच लागेल असं ते म्हणतात.

२०२४ साल त्यांनी अभ्यासासाठी वेगळं काढून ठेवलंय. १६ मार्चला आचारसंहिता लागली. यात्रेतला बेंजो ज्या नेत्याच्या खिशातून व्हायचा त्याच्या लक्षात आलं, की हा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जाईल. बेंजो गेला, महाप्रसाद राहिला. ७ मे ला सांगलीचं मतदान झालं. आता तरी लग्नं होतील म्हणावं, तर गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त. मे-जूनमध्ये ठळक मुहूर्तच नाहीत. मास्तर म्हणाले, “निवडणूक आयोगाला आमी काय बोलत न्हाई. पर शुक्राचं आमी काय वाकडं केलंतं?” त्याच वर्षी मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. मिरजेबद्दल मास्तरांना आदर आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव काढलं की ते कानाची पाळी धरतात. पण बातमी वाचून पेपर घडी करत एवढंच म्हणाले, “त्यास्नी मानांकन मिळालं. आमाला मानधन मिळंना.”

कोरोनाबद्दल ते फार बोलत नाहीत. २५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याला, सगळं बंद झालं, आणि त्या वर्षीच्या चैत्र-वैशाखात कालनिर्णयावर काट मारायलाही त्यांनी पेन उचलला नाही. दुसऱ्या वर्षाचा एक किस्सा मात्र ते सांगतात. एप्रिल २०२१ मध्ये नियम आला: लग्नाला माणसं २५, वेळ दोन तास, मोडला तर दंड ५० हजार. तरी एका हौशी बापानं फोन केला. “मास्तर, तुमी आठ जन. भटजी एक, फोटोवाला एक. न्हवरा-न्हवरी दोन. ऱ्हायलं तेरा. आमच्या घरातच चौदा हाईत. कुनाला काढू, तुमीच सांगा.” मास्तरांनी त्रिकुट पाठवतो म्हणून सांगितलं. बापानं रात्रभर विचार केला आणि सकाळी कळवलं, की धाकट्या मेव्हण्याला वगळता येईना, तेव्हा ढोलवाल्याला वगळा. मग गायकाला. शेवटी एकटे मास्तर उरले. त्यांनाही ताप आला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मास्तर फारच गरीब गाय वाटतील. सुपारी कधीकधी पार्टीकडूनही मोडते. ढोलवाल्याची मेंढी विते (माडग्याळी मेंढी, नाक बाकदार, किंमत ढोलापेक्षा कितीतरी जास्त), आणि तो येत नाही. अशा वेळी मास्तरांना बालगंधर्व आठवतात. गंधर्व मूळचे नागठाण्याचे, म्हणजे सांगलीकडचेच, या हक्कानं ते खडसावतात: “१९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्या दिवशी त्यांची पोरगी वारली, तरी मानूस रंगभूमीवर उबा ऱ्हायला. आनि तू मेंढीचं सांगतूस?” ढोलवाला शांतपणे म्हणाला, “खरं हाय मास्तर. पर त्यांचा प्रयोग हुनार हुता, ह्ये नक्की हुतं.”

या एका वाक्यानं मास्तर आठवडाभर गप्प होते. मग त्यांनी गणित मांडलं. दोनांतली एक सुपारी मोडतेच, तर एका तारखेला दोन घ्यायच्या. मोडेल ती मोडेल, उरेल ती वाजवायची, कुणाला काही कळत नाही. मला विचाराल तर यात लबाडी कमी आणि अनुभव जास्त होता. दोन हंगाम गणित बिनचूक चाललं. मास्तरांची चाल बदलली, मिशीला नवा रंग आला.

मग एका वैशाखात, तालुक्याच्या दोन टोकांना, एकाच तिथीला दोन लग्नं आली आणि दोन्ही उभीच राहिली. आदल्या दिवशी मास्तरांनी आभाळ पाहिलं, निरभ्र. एका घरच्या पंच्याण्णव वर्षांच्या आजोबांची चौकशी केली, तर नातू म्हणाला, “आता आता लेझीम खेळून बसलाय बगा.” दुसरीकडची पोरगी पळून जाईल अशी कुजबुज होती, तिनं हातभर मेंदी काढली होती. डॉल्बीवाल्याला विचारावं तर तो म्हणाला, साहेबांनी मशीनच नेलं. शेवटी पार्टीची वाटणी झाली. जनरेटर एकच, म्हणून कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि गायक एका टेम्पोत. ढोल, ताशा, ट्रम्पेट दुसऱ्यात. मास्तर मोटारसायकलवर, दोन्हींच्या मध्ये. जिथं ढोल गेला तिथं लोक घामाघूम होईस्तोवर नाचले आणि गाणं कुठाय म्हणून भांडले. जिथं कॅसिओ गेला तिथं नवरीच्या मामानं विचारलं, “भजन कवा संपायचं?” संध्याकाळी दोन्ही यजमानांनी, निम्मीच पार्टी आली म्हणून, निम्मेच पैसे दिले.

दोन निम्मे म्हणजे एक सुपारी पुरी, असं मास्तर रात्री हिशेबाला बसून सगळ्यांना समजावत होते. टेम्पो मात्र दोन लागले होते. ऑक्टोपॅडवाल्यानं आपल्या वाटणीच्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाला, “मास्तर, ह्यापरास कॅन्सल परवडतं.”