एकच घ्यायचं, पण चांगलं

आमच्या घरात खरेदीचा नियम पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: वस्तू एकच घ्यायची, पण चांगली घ्यायची. या नियमाने वडिलांनी आयुष्यात एक घड्याळ, एक स्कूटर आणि एक सूट घेतला. सूट त्यांच्या लग्नात शिवलेला होता. माझ्या लग्नातही त्यांनी तोच घातला, फक्त त्या दिवशी ते कुणाशी फारसं बोलले नाहीत, कारण बोलायला श्वास सोडावा लागतो.

हा नियम घेऊन मी डॅलसच्या उत्तरेला राहायला आलो आणि बास नावाच्या माशाच्या नादी लागलो. टेक्सासात याला कुणी वेळ घालवणं म्हणत नाही. त्यासाठी सरकारी परवाना लागतो, मासा मोजायची पट्टी लागते आणि स्वतःचं मत लागतं. मत मुख्यतः रीलबद्दल, म्हणजे रॉडवर, गळाच्या काठीवर, बसवलेल्या दोरी गुंडाळायच्या यंत्राबद्दल. राजकारणावर गप्प बसणारी सभ्य माणसं इथे गिअर रेशोवरून आवाज चढवतात.

रीलमध्ये दोन जाती. स्पिनिंग रीलचं स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, आमिष फेकताना जागचं हलत नाही; दोरी तिच्यावरून आपोआप सुटत जाते. लहान मुलालाही जमतं, म्हणून मोठी माणसं त्याकडे जरा तुच्छतेने बघतात. बेटकास्टिंग रीलमध्ये आमिष दोरी ओढतं आणि दोरीबरोबर स्पूलच फिरतं. आमिष हवेत मंदावतं. स्पूलला मात्र ते कुणी कळवलेलं नसतं. ते आपल्याच वेगात दोरी सोडत राहतं आणि क्षणात रीलच्या पोटात असा गुंता होतो की सुगरण पक्ष्याने पाहिला तर धंदा सोडून देईल. हे टाळायचं साधन म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. आमिष उडत असताना तो स्पूलवर हलका टेकवायचा आणि पाण्याला लागायच्या क्षणी दाबायचा. थोडक्यात, या खेळात सगळे दिग्गज अंगठेबहाद्दर असतात. माझं शिक्षण इंजिनिअरिंगपर्यंत झालं. अंगठा मात्र निरक्षर राहिला होता.

मग हे झंझट घ्यायचंच कशाला? कारण जाड दोरी, जड आमिष आणि पाण्यात बुडालेल्या झाडोऱ्यात घुसलेला मासा, तिन्ही हेच रील नीट पेलतं. आणि अंगठा एकदा साक्षर झाला की आमिष ओंडक्याच्या शेजारी वीतभर अंतरावर, ठरवून, आवाज न करता उतरवता येतं.

आमच्या शेजारच्या आजोबांचा अंगठा डॉक्टरेट झालेला आहे. त्यांच्याकडे वडिलांकडून आलेलं लाल रंगाचं, गोल, स्वीडिश अँबॅसेडर 5000 आहे, आणि ते निम्म्या आयुष्यात माझ्या पोटात गेलं नसेल तितक्या तेलावर चालतं. त्यांच्याकडूनच मला गुंता सोडवायची युक्ती मिळाली: गुंत्यावर अंगठा घट्ट दाबून हँडल तीन-चार वेळा फिरवायचं, मग अंगठा काढून दोरी ओढायची. बहुतेक वेळा सुटतो. ‘आणि नाही सुटला तर?’ असं विचारल्यावर त्यांनी खिशातून चाकू काढला.

या यंत्राचा इतिहास घड्याळजींपासून सुरू होतो. 19व्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल अनेकदा फिरवणारं रील बनवलं. पुढे दोरी डावीकडून उजवीकडे सारखी गुंडाळणारी यंत्रणा 1890 च्या दशकात मिशिगनच्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर यांनी पेटंट केली. नाव खरं आहे. कंपनीही त्यांनी याच नावाने काढली. शोकांतिका लिहायचं काम गिऱ्हाइकांवर सोपवलं. आजोबांचं रील बनवणारी आबू कंपनी 1921 मध्ये स्वीडनमध्ये घड्याळांसाठी निघाली, मग टॅक्सीचे मीटर करू लागली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्स्या थांबल्या, तेव्हा ती रीलकडे वळली. मीटर सुटलं, पण फिरत्या चक्राने गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे काढायचं कसब काही सुटलं नाही. त्याच 1921 मध्ये जपानच्या साकाई शहरात शिमानो कंपनी निघाली होती; तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून. आज चांगल्या रीलच्या दुकानात गेलात की पहिल्यांदा तीच समोर येते, आणि तिच्या शेजारी दाइवा.

मी दुकानात गेलो ते ‘ऑल-अराउंड’ रील घ्यायला. म्हणजे एकच, पण चांगलं. बायकोही बरोबर होती. ती शहाणी आहे आणि क्रेडिट कार्ड दोघांच्या नावावर आहे.

विक्रेता तरुण होता. त्याने विचारलं, ‘कशासाठी हवंय?’

‘सगळ्यासाठी.’

त्याच्या चेहऱ्यावर दया उमटली. या खेळातला व्यावसायिक माणूस बोटीवर डझनभर रॉड लावून ठेवतो आणि प्रत्येकावर वेगळं रील असतं. पाण्यात खोल बुडणाऱ्या, लटपटत येणाऱ्या क्रँकबेटसाठी मंद गिअर रेशोचं: हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच-सहा फेरे. ते जोर देतं, आणि मुख्य म्हणजे उतावळ्या माणसाला आवर घालतं. गवतावरून ओढायच्या रबरी बेडकासाठी, तळाशी टाकायच्या जिगसाठी आठच्या पुढचं: मासा लागला की ढिली दोरी चटकन गोळा करायला. सगळ्यासाठी एक हवं असेल तर या दोघांच्या मधलं, सातच्या आसपासचं. हे सांगताना त्याचा आवाज असा पडला की मी वाटाघाटीत हरलोय असं मलाच वाटलं. पण मी ठाम आहे: एकच रील घेणाऱ्याने सातचं घ्यावं. मंद हवं असेल तर हात हळू फिरवता येतो; मंद गिअरला मात्र घाई शिकवता येत नाही.

मग बेअरिंग. डब्यावर लिहिलेलं असतं 10+1. तो वरचा एक पाहिला आणि आहेराच्या पाकिटाला चिकटवलेला रुपया डोळ्यांपुढे आला. प्रत्यक्षात तो एक म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं बेअरिंग, आणि तो निदान प्रामाणिक आहे. बाकीच्या दहांच्या संख्येवर जाऊ नये. दहा सुमार बेअरिंगांपेक्षा पाच उत्तम बरी, हे कंपन्यांनाही माहीत आहे. पण डब्यावर ‘उत्तम’ छापता येतं तसं ते मोजता येत नाही.

मग बाजू. अमेरिकेत उजव्या हाताची कित्येक माणसं उजव्याने आमिष फेकतात, मग रॉड डाव्या हातात घेतात आणि उजव्याने हँडल फिरवतात. दर फेकीला हातांची अदलाबदल. का, असं आजोबांना विचारलं तर म्हणाले, ‘पूर्वी रील तसंच मिळायचं.’ आता दोन्ही बाजूंचं मिळतं, तरी अदलाबदल चालूच आहे. परंपरा म्हणजे काय हे समजायला मला परदेशात यावं लागलं.

मग किमती. दीडशे-दोनशे डॉलरला उत्तम, दणकट रील मिळतं. चारशेच्या पुढे ते हलकं होतं, मॅग्नेशियमचं होतं, दात इतके बारीक आणि नेमके कापलेले असतात की हँडल फिरवताना आत काही आहे की नाही असा संशय येतो. अगदी हलकं आमिषही ते लांब फेकतं. काही रीलमध्ये तर संगणकही बसतो. शिमानोच्या डीसी रीलमध्ये एक चिप असते. ती सेकंदाला हजार वेळा स्पूलचा वेग तपासून ब्रेक लावते. बॅटरी नाही, फिरणाऱ्या स्पूलवरच तिची वीज होते. फेकताना बारीक शीळ घालते. म्हणजे जास्तीचे डॉलर मोजून आपण अंगठ्यासाठी खाजगी शिकवणी लावतो.

‘म्हणजे याने मासे जास्त मिळतात?’ बायकोने विचारलं.

विक्रेता म्हणाला, ‘आनंद जास्त मिळतो.’ तरुण होता, पण धंद्यात पुढे जाईल.

मी तिला पेरी आणि कुरिता यांची हकीगत सांगितली. 1932 च्या जूनमध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकऱ्याने, मंदीच्या काळात, साध्यासुध्या स्वस्त सामानावर 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. वजन केलं, नोंद केली आणि घरी नेऊन खाल्ला. 77 वर्षांनी, 2009 मध्ये, जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी चिपवालं शिमानो अँटारेस घेऊन 22 पौंड 4.97 औंसांचा धरला. म्हणजे 77 वर्षांची यंत्रविद्या आणि संगणक मिळून फरक पडला 27 ग्रॅमचा. जागतिक विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून निकाल लागला बरोबरीचा. दोघांचीही नावं आज शेजारी शेजारी आहेत.

‘मग पेरीचं रील कुठे मिळतं?’ ती म्हणाली.

मला टेक्सासच्या विक्रमाची हकीगत सांगायची नव्हती, पण ती विक्रेत्यानेच सांगितली. आमच्यापासून दीडएक तासावरच्या लेक फोर्कमध्ये, जानेवारी 1992 मध्ये, बॅरी सेंट क्लेअर यांनी 18.18 पौंडांचा बास धरला. ते गेले होते क्रॅपी नावाचा छोटा मासा धरायला. गळाला जिवंत चिमुकला मासा लावला होता आणि सामान त्याच मापाचं, हलकं. बास आपणहून आला.

लेक फोर्कचे नियम मी एकदा आईला फोनवर समजावत होतो. आई मालवणची. तिला चारशे डॉलरचे रुपये किती होतात आणि तेवढ्यांत किती सुरमई येते हे तोंडपाठ आहे. मी म्हणालो, सोळा इंचांच्या आतला बास ठेवता येतो. सोळा ते चोवीस इंचांतला लगेच पाण्यात सोडायचा. चोवीसच्या वरचा दिवसाला एकच ठेवायचा. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे खावक बरो तेवढोच सोडूचो काय रे?’

यावर टेक्सासच्या मत्स्यखात्याकडे शास्त्रीय उत्तर आहे: मधल्या मापाचे मासे वाचले की मोठे होतात, अंडी घालतात, तलाव टिकतो. आईकडे त्यावरचं उत्तर होतं: ‘मग तू किनाऱ्यावर उभो रवान काय करतंस?’

शेवटी मी चारशेच्या आसपासचं, चिप नसलेलं, सातच्या गिअरचं, डाव्या हँडलचं जपानी रील घेतलं. दोनशेतलं घेतलं असतं तरी माशाला फरक कळला नसता, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पण मला कळला असता. हँडल हलक्या हाताने फिरवून सोडलं की ते थांबायला मनच करत नाही. दुकानात उभा राहून मी ते इतका वेळ फिरवत होतो की मागच्या माणसाने घसा खाकरला.

गल्ल्यावर विक्रेता म्हणाला, ‘रॉड?’

रील एकच चांगलं घेतलं तर त्याला साजेसा रॉडही एकच चांगला हवा, हे ओघानेच आलं. सात फुटी, मध्यम-जड, शेंड्याला लवकर वाकणारा. आणि दोन तुकड्यांचा नको; एकसंध रॉडला टोकापासून मुठीपर्यंत माशाचा स्पर्श जास्त कळतो, असं तो म्हणाला आणि आजोबाही तेच म्हणाले असते. आमची गाडी सेडान. रॉड डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून तिरपा मागच्या काचेपर्यंत गेला. बायको त्याच्या या बाजूला, मी त्या बाजूला. हायवे लागेपर्यंत ती काही बोलली नाही. मग शेंड्याची कडी डोळ्यापुढून हलकेच बाजूला करत म्हणाली, ‘शेजारच्या आजोबांना विचारून ठेव, पिकअप ट्रकला गिअर रेशो कितीचा चांगला.’