डाळीवरचा खटला

मार्कंडेयाला शंकराने यमाच्या तावडीतून सोडवलं ते सोळाव्या वर्षी. चिरंजीव व्हायचं तर त्याच वयात व्हावं. साठीत वर मिळता, तर हे गुडघे कल्पांतापर्यंत सांभाळत बसलो असतो.

वैनगंगा उत्तरेकडे वाहते त्या मार्कंड्याला, महाशिवरात्रीच्या जत्रेत, पायऱ्या चढताना माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं आणि काकूने निकाल दिला, "डाळ बंद कर, बापू. युरिक अॅसिड वाढते." देवळात पोहोचेस्तोवर तूर, मूग, हरभरा तिघेही तडीपार!

आमच्या भागात डाळीवर आधीचा गुन्हा नोंद आहे ना. धानाच्या ओल्या बांधीत पेरतात ती लाखोळी. तिच्यातल्या ओडॅप नावाच्या अमिनो आम्लाने, दुष्काळात महिनोन्महिने तिच्यावरच जगलेल्यांचे पाय लुळे पडले. म्हणून 1961 पासून विक्रीवर बंदी. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी तिची वर्षानुवर्षे वकिली केली, तेव्हा कुठे 2008 मध्ये महाराष्ट्रात ती सुटली. त्या प्रकरणातही बिघडले होते मज्जातंतू. सांध्यांचा संबंध नव्हता. पण संशय सगळ्या भावकीवर राहिला तो राहिलाच.

खरं तर युरिक अॅसिड होतं प्युरिनपासून, आणि त्यातला बराचसा माल शरीर घरच्या घरीच तयार करतं. बाहेरून भर घालतात कलेजी, सुके झिंगे आणि दारू. डाळींतही प्युरिन असतं, पण त्या खाऊन गाउट, म्हणजे युरिक अॅसिडची सांधेदुखी, वाढल्याचं अभ्यासांत दिसत नाही. शिवाय गाउट बहुधा मध्यरात्री पायाचा अंगठा धरतो. माझ्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, आणि तिच्यावर माझं पोट रोज जा-ये करतं.

भाच्याने नागपुरातून कोलॅजेनचा डबा आणला. कूर्चा कोलॅजेनचीच असते, म्हणून ते थेट गुडघ्यात जाऊन बसेल अशी त्याची श्रद्धा. पोट मात्र कोलॅजेन असो की वरण, आधी त्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे करून टाकतं. डब्यावरची किंमत त्याला वाचता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला आणि मांडीचे स्नायू कमवायला सांगितलं. त्यासाठी या वयात वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, तेव्हा डाळ बिनधास्त खा म्हणाल्या. युरिक अॅसिडवाल्यांनी झिंगे मात्र जपून.

हे सगळं मी काकूला समजावलं. ती वांगं-झिंग्याची भाजी वाढत होती.

"कुठल्या म्हणे डॉक्टरीणबाई?"

"पुण्याच्या."

"मंग त्यांना झिंग्यातलं का समजते, बापू?" म्हणत तिने अजून एक डाव वाढला आणि वरणाची वाटी उचलून नेली.