शौर्याचे शुद्धिपत्र

अमेरिकन सैन्यातून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कागद पडतो. त्याचे नाव डीडी फॉर्म २१४. १९५० सालापासून तो चालू आहे. सैनिकाने किती वर्षे चाकरी केली, कुठे केली, काय कमावले आणि कसा सुटला, हे सारे त्यात मावते. जे मावले नाही ते घडलेच नाही असे धरून चालण्याचा प्रघात आहे. घरासाठी कर्ज, कॉलेजची फी, दवाखाना, अपंगत्वाचा भत्ता आणि सरतेशेवटी शवपेटीवर पांघरायचा झेंडा, ह्या सगळ्यांची दारे ह्याच कागदाने उघडतात. माणूस हजर असला तरी चालत नाही. कागद हजर लागतो.

कागदाच्या आजच्या नमुन्यात बाराव्या रकान्यात परदेशातील सेवेची वर्षे, महिने आणि दिवस येतात, तेराव्यात पदके आणि बिल्ले. दोन्ही रकाने भरतो कारकून. त्याच्यापुढे रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला घरी जायची घाई असते. पदक एखादे राहिले असेल तर 'नंतर बघू' असे कुणीतरी म्हणते, सैनिक खाली सही ठोकतो आणि बाहेर पडतो. नंतर बघायची वेळ सहसा तीस-चाळीस वर्षांनी येते, साखर वाढल्यावर.

ह्यात कारकुनाचा दोष दाखवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. कारण पुष्कळदा कागद टाइप होताना बिनचूक असतो आणि पुढे कपाटात पडल्यापडल्या चुकतो. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने दिलेले शौर्याचे युनिट सन्मानचिन्ह तिथे लढलेल्या जवळपास साऱ्या अमेरिकन लष्करी तुकड्यांना लागू झाले, ते १९७४ सालच्या एका सर्वसाधारण आदेशाने. तोवर बहुतेक मंडळी कागद घेऊन घरी गेली होती. कोरियन सरकारने आपले युद्धसेवा पदक युद्धाच्या काळातच देऊ केले होते. अमेरिकेने ते स्वीकारले १९९९ मध्ये. मध्ये सुमारे अर्धे शतक गेले आणि घेणाऱ्यांपैकी बरेचसेही गेले. युद्धकैद्यांचे पदक १९८५ मध्ये निघाले आणि १९१७ पासूनच्या कैद्यांना लागू झाले. कोरियातील पहाऱ्याचे पदक २००२ च्या कायद्याने आले, तेही २८ जुलै १९५४ पासूनच्या सर्वांसाठी. म्हणजे १९६० साली कोरियाच्या थंडीत पहारा देऊन परतलेल्या माणसाचा कागद बेचाळीस वर्षे बरोबर होता आणि एका सहीसरशी अपुरा ठरला. त्याला कुणी पत्र पाठवून तसे कळवत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळवलेल्यांना ब्रॉन्झ स्टारचा हक्क आहे, असे लष्कराने १९४७ मध्ये ठरवले. मात्र अर्ज केला तर. शौर्य झाले की अर्ज करावा लागतो हे रणांगणावर कुणी सांगत नाही.

परदेशातील सेवेचा रकाना दिसायला साधा, पण पैसा त्यातच आहे. अमेरिकेने युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज तणनाशकाविषयीच्या १९९१ च्या कायद्याप्रमाणे ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ ह्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या सैनिकाचे ठरावीक आजार त्या तणनाशकामुळेच झाले असे गृहीत धरले जाते. किती वेळ ठेवले ह्याला महत्त्व नाही, तासभरही पुरे. पण तासभर ठेवलेल्या पावलाचा कागद कुठून आणायचा? थायलंडच्या तळावर नेमणूक असलेला माणूस चार दिवसांच्या कामासाठी विमानातून व्हिएतनामला जाऊन आला, तर त्याच्या कागदावर थायलंड तरी येई किंवा नुसतेच 'परदेश'. ज्यांच्या छातीवर खुद्द व्हिएतनाम सेवा पदक होते त्यांनी ते पुढे केले, तेव्हा हे पदक जहाजावर आणि थायलंडात राहणाऱ्यांनाही मिळत असे, सबब ते पुरावा नव्हे, असे माजी सैनिकांच्या खात्याचे उत्तर मिळाले. २००८ मध्ये अपिली न्यायालयानेही तो अर्थ उचलून धरला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या नौसैनिकांना संसदेने २०१९ च्या कायद्याने आत घेतले. सरकारने दिलेले पदक सरकारलाच पटेना, हा पेच त्यांच्यापुरता सुटला. पण बारा मैलांच्या आत जहाज होते हे दाखवायला जहाजाची रोजनिशी लागतेच.

त्याहून बिकट अवस्था लाओस आणि कंबोडियात गेलेल्यांची. मॅकव्ही-सॉग ह्या नावाची गुप्त तुकडी १९६४ पासून सीमेपलीकडे काम करीत होती आणि तिथे अमेरिकन सैनिक नाहीत असे अमेरिका अधिकृतपणे सांगत होती. जिथे कुणी नव्हते तिथली सेवा कोणत्या रकान्यात लिहावी, हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तिकेला झेपणारा नाही. तुकडीला राष्ट्राध्यक्षांचे युनिट सन्मानपत्र २००१ मध्ये मिळाले.

कागद दुरुस्त करायचा तर मूळ फाइल लागते आणि फाइली असतात मिसूरी राज्यात, सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये. असतात म्हणजे, होत्या. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर ओव्हरलँड येथील इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. इमारत भव्य होती. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा तेवढी त्या मजल्यावर बसवायची राहिली होती. आग पूर्ण विझल्याचे जाहीर झाले ते १६ जुलैला. लष्करातून १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० ह्या काळात सुटलेल्यांच्या ऐंशी टक्के फाइली गेल्या. हवाई दलातून २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ ह्या काळात सुटलेल्यांपैकी, वर्णानुक्रमे हबर्ड आडनावाच्या पुढे येणाऱ्यांच्या पंचाहत्तर टक्के. अँडरसन बचावला, विल्यम्स जळाला. पूर्वजांनी आडनाव निवडताना घेतलेली खबरदारी अशी कामी येते.

एकूण किती फाइली जळाल्या? एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख. मधल्या वीस लाखांचा हिशेब लागत नाही, कारण फाइलींच्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, अनुक्रमणिकाही नव्हती. शिवाय लाखो कागद आगीपूर्वीच माजी सैनिकांच्या खात्याला वापरायला दिलेले होते. आगीचे कारण शेवटपर्यंत नक्की ठरले नाही. नळांच्या पाण्याने भिजलेल्या फाइली बाहेर काढून, अंतराळमोहिमांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या एका विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवण्यात आल्या. सुमारे पासष्ट लाख फाइली अशा वाचल्या. कडा काळ्या पडलेल्या, हात लावताच तुकडे होणाऱ्या त्या कागदांना आजही निराळ्या थंड दालनात ठेवतात. कुणाचा अर्ज आला की हातमोजे घातलेला कर्मचारी एकेक पान सोडवून पाहतो. हे काम मात्र मनापासून होते आणि त्याची टिंगल करण्याजोगे काही नाही.

फाइल जळालेली निघाली तर केंद्र सैनिकालाच एक प्रश्नावली धाडते. तुम्ही कोणत्या तुकडीत होतात, कोणत्या तारखेला भरती झालात, कुठून सुटलात, कृपया कळवावे. म्हणजे आपल्याविषयी सरकारकडे काय लिहिले आहे हे विचारायला गेलेल्या माणसाला सरकार तेच विचारते. त्याने दिलेल्या उत्तरावरून मग शेवटच्या पगाराची पावती आणि तुकडीचा रोजचा सकाळचा अहवाल शोधतात. ह्या अहवालात कोण नवा आला, कोण आजारी पडला, कोण गैरहजर होता एवढेच लिहीत. जो माणूस रोज हजर राहून मुकाट्याने काम करीत होता त्याचे नाव त्यात सापडणे कठीण. दवाखान्यात गेलेला, बदली झालेला किंवा पळालेला लगेच सापडतो.

साध्या चुका सेनादलाचे कार्यालय स्वतःच दुरुस्त करते. तेवढ्याने भागले नाही तर डीडी फॉर्म १४९ भरून दुरुस्ती मंडळाकडे जायचे. लष्कर, नौदल आणि हवाई दल, प्रत्येकाचे मंडळ वेगळे, सभासद मुलकी. १९४६ च्या कायद्यापूर्वी एकेका माणसाच्या कागदासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक मांडावे लागे. पुढे संसदेलाच त्याचा कंटाळा आला आणि तिने ते काम मंडळांवर ढकलले. 'चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे' असे मंडळांचे कर्तव्य कायद्यात लिहिले आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ उशीर माफ करते. चूक कधी लक्षात आली तेही अर्जात लिहावे लागते. मूळ नोंद रीतसरच झाली असणार हे मंडळाचे गृहीतक आहे. खोडून काढण्याचा भार अर्जदारावर. त्याने जखमेचे दवाखान्यातले कागद आणावेत, नसल्यास शेजारच्या खंदकातल्या सोबत्याचे प्रतिज्ञापत्र आणावे. सोबती हयात नसल्यास त्याला मंडळाकडे इलाज नाही. सुनावणी मागता येते, पण बहुतेक निकाल कागदावरून कागदावर लागतात. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही मराठी म्हण तिथे लागू पडत नाही. नव्वद टक्के अर्ज दहा महिन्यांत आणि उरलेले अठरा महिन्यांत निकालात काढावेत असे तिथल्या कायद्यातच लिहिले आहे.

मंडळाला घाई नसते, तशी मृत्यूचीही अडचण नसते. यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी चार दिवस जादा थांबणाऱ्यांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक देण्याचे कबूल झाले होते. सत्ताविसाव्या मेन रेजिमेंटमधले सुमारे तीनशे थांबले. पदके निघाली आठशे चौसष्ट, घरी निघून गेलेल्यांसकट. ही गंमत १९१७ मध्ये निस्तरली गेली, तेव्हा ह्या सगळ्यांसह एकूण ९११ नावे यादीतून कापली. त्यात युद्धातली डॉक्टर मेरी वॉकर आणि 'वाइल्ड वेस्ट'च्या खेळांमुळे जगप्रसिद्ध झालेला बफेलो बिल हेही सापडले, कारण दोघेही मुलकी नोकर ठरले. वॉकरबाईंनी पदक परत केले नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत छातीवर मिरवले. त्यांची नोंद पूर्ववत झाली १९७७ मध्ये, बफेलो बिलची १९८९ मध्ये. ह्या अर्जांना तीन वर्षांची अट आडवी आली नाही.

अर्ज मान्य झाला की जुन्या कागदाला शक्यतो हात लावत नाहीत. डीडी फॉर्म २१५ नावाचा दुसरा कागद निघतो आणि पहिल्यात काय वाढवावे, काय गाळावे हे त्यात येते. पुढे जन्मभर दोन्ही कागद एकत्र बाळगायचे. चुकीचा आधी, बरोबर त्याच्या मागे. अमेरिकन पदके सैनिकाला सरकारकडून मोफत येतात. परदेशी पदकांची गोष्ट निराळी. दक्षिण व्हिएतनामचे मोहीम पदक कागदावर चढते, पण अमेरिकन सरकार ते पुरवत नाही आणि देणारे सरकार १९७५ पासून अस्तित्वात नाही. ते खासगी विक्रेत्याकडून स्वतःच्या पैशाने घ्यावे लागते.

विक्रेता डीडी फॉर्म २१४ बघायला मागत नाही. कुठलीही सेवा न करता पदक मिरवणाऱ्यांची सोय तिथेच होते. कॅलिफोर्नियातल्या एका पाणी मंडळाच्या सभासदाने २००७ मध्ये बैठकीत आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाल्याचे सांगून टाकले. गृहस्थ सैन्यात कधी नव्हतेच. अशा खोट्या दाव्यांविरुद्ध २००६ मध्ये झालेल्या कायद्याने त्यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो कायदाच रद्द केला, कारण नुसते खोटे बोलणे हेही भाषणस्वातंत्र्यात बसते. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. त्याप्रमाणे असे खोटे सांगून पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ उकळायचा डाव असेल तरच गुन्हा होतो. नुसती बढाई मारायला मुभा आहे, आणि तिच्यासाठी कोणताही फॉर्म भरावा लागत नाही.