खणातला राजीनामा

अण्णांनी पहिला राजीनामा लिहिला तो नोकरीला लागल्याच्या नवव्या दिवशी. साल १९८१. बी.एस.आर.बी.ची परीक्षा पास होऊन राष्ट्रीयीकृत बँकेत चिकटलेल्या मुलाच्या घरी डोंबिवलीत तेव्हा मुलींच्या पत्रिका येऊन पडत. अशा ऐन सुगीत हा गृहस्थ फुलस्केप कागद पुढ्यात ओढून 'सदर कामात माझे मन रमत नाही' असं लिहीत बसला. लिहून झाल्यावर त्याने कागदाची चौघडी केली, काउंटरच्या खणात ठेवली आणि वर बोटं भिजवायच्या स्पंजाची वाटी ठेवली. पुढची ३७ वर्षं तो कागद खणात होता आणि अण्णा खुर्चीत.

प्रत्येक कचेरीत असा एक राजीनामेवाला असतो. तुमच्याकडेही असेल. नसला, तर तो तुम्हीच आहात का हे एकदा बघून घ्या. नोकरीला शिव्या देणारे सगळेच असतात, पण त्यांचे चेहरे आंबलेले असतात. राजीनामेवाल्याची खूण म्हणजे तो कचेरीतला सगळ्यात आनंदी माणूस असतो.

मी गिरगावच्या त्या शाखेत १९९६ साली रुजू झालो. चोवीस वर्षांचा होतो आणि बँकेत आलो म्हणून आयुष्य संपलं अशा तयारीने आलो होतो. शेजारच्या कॅश काउंटरवर एक गृहस्थ गुणगुणत नोटा मोजत होते. त्या काळी नोटांच्या गड्ड्यांना जाडजूड पिना ठोकलेल्या असत. पिना काढून काढून कॅशियरची बोटं सोललेली. (रिझर्व्ह बँकेने पुढे गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला लावलं, त्या दिवशी अण्णांनी शाखेत पेढे वाटले.) मी विचारलं, "तुम्हाला हे काम आवडतं?"

"छे! भयंकर काम आहे रे," अण्णा तितक्याच प्रसन्नपणे म्हणाले. "मी सोडणारच आहे." आणि खण चार बोटं उघडून कागद दाखवला, एखादी बाई माहेरचा दागिना दाखवते तसा.

मला वाटलं, महिनाभरात हे काउंटर आपल्या गळ्यात पडणार.

अण्णांना व्हायचं होतं तरी काय, हा मला बरीच वर्षं छळणारा प्रश्न. आमच्या शाखेत नोकरी नावडणारे बाकीचे सगळे कलावंत होते. अमोल पालेकर एके काळी बँक ऑफ इंडियात होते आणि अशोक सराफ स्टेट बँकेत, ही दोन नावं डब्यातल्या चटणीसारखी रोज निघत. आंतरबँक एकांकिका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेला आमचा एक लेजरवाला तर पासबुक भरतानासुद्धा प्रेक्षकांकडे पाठ होऊ देत नसे. हे सगळे दुःखी होते. आत एक नट कुजतोय, एक गवई गुदमरतोय, अशी त्यांची समजूत होती आणि त्याचा सूड ते खातेदारांवर घेत. एकदा लोकलमध्ये, दादरला गाडी बदलायच्या आधी, मी अण्णांना विचारलंच. त्यांनी मुंब्र्यापासून कुर्ल्यापर्यंत विचार केला. मग म्हणाले, "खरं सांगू? काहीच नाही. फक्त हे नव्हतं व्हायचं."

मला वाटतं त्यांच्या प्रसन्नतेचं अर्धं भांडवल इथेच होतं. आत कोणी गुदमरत नव्हतं. नोकरी आवडत नाही ही त्यांच्या लेखी हवामानासारखी बाब होती. मुंबईत दमट आहे, आणि बँकेत कंटाळवाणं आहे. त्यावर काय चिडायचं? छत्री घेऊन निघायचं. त्यांची छत्री खणात होती.

आणि तिची निगा ते काय राखत! मूळ मजकूर हाताने लिहिलेला. मग तो टंकलिखित झाला. शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा निम्मा स्टाफ माऊसला हात लावायला तयार नव्हता, पण अण्णा आठवडाभरात टायपिंग शिकले, कारण राजीनाम्याचा समास त्यांना दोन्ही बाजूंनी सरळ हवा होता. कळस झाला तो हिंदी पखवाड्यात. दर सप्टेंबरात सरकारी बँकांतून हिंदीच्या स्पर्धा होतात. एका वर्षी कार्यालयीन पत्रलेखन होतं. अण्णांनी आपल्या राजीनाम्याचं हिंदी रूपांतर पाठवलं. दुसरं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर सही त्याच विभागीय व्यवस्थापकांची, ज्यांना उद्देशून तो राजीनामा लिहिला होता. "साहेबांनी वाचलाय आणि गौरवलाय," अण्णा म्हणत, "फक्त मंजूर व्हायचा बाकी आहे."

मग देत का नव्हते? कारणं होती, आणि तीही चोख. १९९५ साली बँकांना पेन्शनची नियमावली लागू झाली. अण्णांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. माझ्या माहितीत असं करणारा शाखेतला दुसरा माणूस नाही. राजीनामा दिला तर पेन्शनच्या हिशेबी मागची सगळी नोकरी पाण्यात, पण वीस वर्षं भरल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन शाबूत. लगेच मजकुरातला 'राजीनामा' खोडून 'स्वेच्छानिवृत्ती' आली. वीस वर्षं २००१मध्ये भरणार होती. तोवर थांबणं भाग होतं.

पण त्याआधीच, २००० सालच्या अखेरीस, सरकारी बँकांत व्ही.आर.एस., म्हणजे खास स्वेच्छानिवृत्ती योजना, आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय एवढीच अट, आणि झालेल्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार. देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली. आमच्या शाखेत रांग अण्णांच्या काउंटरसमोर लागली, कारण हिशेब तेच करून देत. चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडून, "तुझे अमुक होतात, फ्लॅटचं कर्ज फिटतं, जा बिनधास्त," असं लोकांना वाटेला लावत. स्वतःचा हिशेब एकोणीस गुणिले साठ, ११४० दिवसांचा पगार. लेजरवाला नट गेला. टाइपिस्ट गेली. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. पाच वाजले, साडेपाच वाजले, अण्णांनी कॅश जुळवली आणि चपला घातल्या.

"अहो, अर्ज?"

"छापील आहे रे तो," अण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले. "कारण लिहायला जागाच ठेवलेली नाही त्यात."

यानंतर मी तो कागद कधी बाहेर येईल ही आशा सोडली आणि त्याचे परिणाम बघू लागलो. खणात सुटका ठेवलेल्या माणसाला खातेदार चिडवू शकत नाही. कोणी काउंटरवर हात आपटून ओरडला की आम्ही दुप्पट ओरडत असू. अण्णा शांतपणे खणाकडे बघत आणि त्याला विचारत, "दहाच्या देऊ की विसाच्या?" कुरकुरीलाही त्यांनी वेळ बांधून दिली होती. सकाळच्या चहाला दहा मिनिटं नोकरीला मनसोक्त नावं ठेवायची, कप धुतला की बंद. साडेअकरानंतर कोणी रडगाणं काढलं तर म्हणत, "आजचा कोटा संपला. उद्या ये."

एकदा मुख्यालयाने आमच्यासाठी 'सकारात्मक दृष्टिकोन' नावाचं शिबिर ठेवलं. टाय लावलेले एक प्रशिक्षक आले आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे टेबलावर अर्ध्या पाण्याचा ग्लास ठेवला. अर्धा भरलेला की अर्धा रिकामा? आम्ही शहाण्या मुलांसारखं 'भरलेला' म्हणालो. अण्णा म्हणाले, "साहेब, सकाळी पूर्ण होता का? मग अर्धा शॉर्ट आहे. आमच्यात संध्याकाळी तो खिशातून भरावा लागतो." पुढे सगळ्यांना सांगितलं की या कामातल्या आवडत्या तीन गोष्टी लिहा. अण्णांनी लिहिल्या: १ एप्रिल, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट. (१ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँक लोकांना बंद असते. आदल्या रात्री मात्र घरी जायला शेवटची कर्जत मिळाली तर नशीब.) प्रशिक्षकांनी त्या संध्याकाळी जाताना सर्वात उत्साही सहभागी म्हणून अण्णांनाच पेन दिलं. त्या पेनने अण्णांनी मजकुरातला एक परिच्छेद सुधारला.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा रांग आमच्या दारापासून गल्लीचं वळण घेऊन दिसेनाशी झाली होती. नोटा बदलून देण्याची मर्यादा चार हजार, मग साडेचार, मग एकदम दोन. रोज नवा नियम, आणि तो लोकांना आमच्याआधी टीव्हीवर कळलेला. मी खरोखर रडकुंडीला आलो. अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघे गेलेले. एका चाळीतल्या आजींनी आणलेल्या नोटांना मेथीचा वास येत होता. अण्णांनी एक नोट नाकाशी धरली. "आजी, नोटा खऱ्या आहेत. लोणचं कैरीचं की लिंबाचं?" आजी लाजल्या. बरणीचा पत्ता सुनेलाही माहीत नव्हता. मागची रांग हसली. त्या दिवशी आमच्या शाखेत कोणी हसलं ते तेवढंच.

रात्री दहाला शटर ओढताना मी म्हणालो, "अण्णा, आज द्याच तो कागद. मीही सही करतो."

"आज देणारच होतो," ते गुडघा चोळत म्हणाले. "पण त्या आजी उद्या कैरीचं घेऊन येणार आहेत."

कैरीचं लोणचं आलं. मग वेतनकराराची बोलणी आली. हे आमच्या धंद्यातलं एक अजब प्रकरण आहे. करार पाच वर्षांचा, पण २०१२च्या नोव्हेंबरपासून लागू असलेल्यावर सह्या झाल्या त्या २०१५च्या मेमध्ये. फरकाची रक्कम हातात येते न येते तो पुढच्या कराराची मागणीपत्रं छापून तयार. एरिअर्स सोडून कोण जाईल? अशा रीतीने २०१८ उजाडलं आणि अण्णा साठीला, बँकेच्या नियमाने, स्वतःच्या मजकुराविना निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं. भाषणांत तिघांनी त्यांचं 'कामावरचं निस्सीम प्रेम' सांगितलं. अण्णा नारळाची शेंडी सारखी करत ऐकत होते. खण त्यांनी दुपारीच रिकामा केला होता.

नंतर ते मला भेटले ते नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला आले तेव्हा. ओळखू येईनात. चेहरा उतरलेला, टोकन घेऊन बाकावर बसलेले. पाच मिनिटांत दोनदा उठून "किती वेळ लावता हो?" म्हणाले. अण्णा! मी चहा मागवला. दिवस कसा जातो विचारलं. म्हणाले, सकाळी उठतो, पेपर वाचतो, बरं असतं सगळं. हे 'बरं' त्यांनी असं म्हटलं, की मी पुढे विचारलंच नाही.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र गुणगुणत आले. रांगेतल्या एका बाईंना फॉर्म भरून दिला, शिपायाच्या मुलाची चौकशी केली. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "सोसायटीचा सेक्रेटरी केलंय मला. भयंकर काम आहे रे. गळती, पार्किंग, एकेक सभासद म्हणजे...! पुढच्या मीटिंगला देणारच आहे."

आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "जरा बघ. 'पदभारातून मुक्त करावे' बरं, की 'जबाबदारीतून'?"