टक्केवारीपंत

शनिवारी रात्री आमच्या सोसायटीत पोकरचा डाव बसतो. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ज्याच्या चिप्स आधी संपतील त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ द्यायची. २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली आणि तोवर मोबाइलमध्ये रमलेले टक्केवारीपंत आमच्या वाट्याला आले.

पंतांचं ज्ञान खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. परवा माझे चार बदाम जुळले होते आणि शेवटचा पत्ता उघडायचा होता. मध्ये ४०० चिप्स, त्यावर समोरच्याने १०० लावलेले. मी पॅक करणार, इतक्यात पंत पाठीशी हजर. "न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा लागणार. १०० घालून ५०० मिळतायत, सहात एकदा लागला तरी मुद्दल सुटतं. घाला!" एव्हाना माझ्याकडे काय आहे हे बी विंगलाही कळलं होतं. मी घातले. आली चौकटची तिर्री.

"निर्णय बरोबर होता," पंत म्हणाले, "निकालाकडे बघायचं नसतं." शेजाऱ्यांचा मुलगा सीईटीत आपटला तेव्हाही ते हेच सांगून आले होते.

पंतांचा दुसरा सिद्धान्त असा, की जो घाबरून पॅक करतो त्यालाच ब्लफ मारावा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कधीच नाही. काकूंची हयात मेंढीकोटात गेलेली. समोरच्याचे पत्ते बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. हे आम्हाला साग्रसंगीत समजावून पुढच्याच डावात पंतांनी सत्ती-दुर्रीवर, म्हणजे पोकरमधल्या सगळ्यात भिकार पत्त्यांवर, काकूंसमोर होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स लोटल्या. काकूंनी चष्मा पुसला. "बघू तरी काय आहे," म्हणाल्या आणि नव्व्यांच्या जोडीवर सगळं उचलून नेलं.

"काकू, तुम्ही पॅक करायला हवं होतं. गणित तेच सांगतं."

"हो का? मला मेलीला कुठलं गणित येतंय!"

पंत हरले की नशीब फुटकं असतं, जिंकले की अभ्यास असतो. आमच्या बाबतीत याच्या नेमकं उलट. रविवारी मिसळीचं बिल चुकवतानाही ते ठामपणे सांगतात, "लाँग रनमध्ये मी फायद्यातच आहे."

"पंत, हे लाँग रन इतक्यात संपवू नका हं," म्हणत काकू जादा तर्री मागवतात.